मैदानावरची झाकणं

बसा पावणं. असं दारात उभं राहून काय बघताय. चहा आमच्या तालमीत मिळत न्हाय, आधीच सांगतो. दूध सांगितलंय, गार व्हायच्या आत प्यायचं. आता तुमी काय विचारणार ते मला ठाऊक हाय. भिंतीवर पैलवानांच्या फोटोंची एवढी मोठी रांग, आन् त्यात चष्मा लावलेली ही पोर कोण? सगळीच विचारत्यात. फोटोला हार घातलेला न्हाय ते बघितलासा न्हवं? मग झालं. ठणठणीत हाय ती.

ती संयोगिता. माझ्या धाकट्या भावाची लेक. भाऊ चंदगडला असतो, भात आन् काजू बघतो. पोर बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आन् कॉम्प्युटरच्या बी.एस्सी.ला कोल्हापूरला आली. राहायला अर्थातच आमच्याकडं, ह्याच मंगळवार पेठेत, तालमीच्या मागल्या गल्लीत. तवा नुकतं दोन हजार साल लागलं होतं आन् जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करत होता. मला त्यातलं ओ का ठो कळत न्हवतं. मला वाटायचं टायपिंगचीच मोठी बहीण असंल.

कॉलेजात त्यास्नी मशीनला हात लावायला आठवड्यातनं एकदा मिळायचं, ते बी एका मशीनवर तिघी, चपला भाईर काढून, देवळात गेल्यागत. आमच्या पोरीचं तेवढ्यावर भागंना. मग घरी काय करायची, तर प्रोग्राम कागदावर लिहायची आन् स्वतःच कॉम्प्युटर व्हायची. एका ओळीवर बोट ठेवायची, पुटपुटायची, खालच्या ओळीवर जायची, मधूनच बोट उचलून परत वरती. शालूबाई, म्हंजे आमची मालकीण, मला हळूच म्हणाली, "पोरीला कुणाची नजर लागली का बघा." मी म्हणालो, अगं जप करत असंल. तेवढ्यात पोर हसायला लागली, एकटीच, खदाखदा. तिची काय तरी चूक सापडलती.

लक्ष्मीपुरीतल्या रद्दीवाल्याकडनं तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलतं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं उंदरानं खाल्लेली. कॉलेजातलं सर तिला म्हणालं, "हे सिलॅबसमध्ये न्हाय, परीक्षेला येणार न्हाय, कशाला वाचतीस?" ही म्हणाली, "म्हणूनच वाचते सर." घरी येऊन मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी म्हणालो, वस्तादाला उलटं बोलायचं नसतंय. पण मनातनं बरं वाटलं मला. आमच्यात बी जो पठ्ठ्या शिकवलेल्या डावावर थांबत न्हाय, त्याच्यावरच वस्तादाचा जीव असतो.

आता माझं दुखणं सांगतो. शाहूवाडी तालुक्यात माझं आजोळ. तिथल्या जत्रेच्या मैदानात जोडी लावायचा मान माझ्या मामाचा होता, मामा गेल्यावर माझ्याकडं आला. जोड लावणं म्हंजे कुणाची कुस्ती कुणासंगं ते ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतंय. पण वजन जमावं लागतं, ताकद जमावी लागते, न्हायतर एका झटक्यात कुस्ती संपते आन् माणसं जोडी लावणाऱ्याला शिव्या घालत्यात. आदल्या साली माझा अंदाज फसला. एक पैलवान जोडीविना उरला. लांबनं आलेलं पोरगं, आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसलं, म्हणालं, कुस्ती द्या न्हायतर मी उठत न्हाय. त्याचं बी काय चुकलं न्हवतं. त्याच्या गावची माणसं आत शिरली, मग आमची शिरली, आन् शेवटची मोठी कुस्ती झालीच न्हाय.

पंचांनी माझ्या तोंडावर सांगितलं, "आबा, पुढच्या जत्रेला एक जरी पैलवान बिनकुस्तीचा परत गेला, तर जोडी लावायचा मान बाळासो वस्तादाकडं." बाळासो म्हंजे शेजारच्या पेठेतल्या तालमीचा वस्ताद. माणूस वाईट न्हाय. पण माझ्या मामाचा मान त्याच्या हातात जाणार म्हटल्यावर मला अन्न गोड लागंना. जत्रा जवळ यायला लागली तशी माझी चिडचिड वाढली. तालमीत पोरं माझ्या वाऱ्याला उभी राहायची बंद झाली.

असाच एक दिवस चिडून घरी गेलो, तर शालूबाईचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. सैपाकघरात बघतो तर फरशीवर घरातली यच्चयावत पातेली मांडलेली, आन् सगळ्यांची झाकणं काढून एका बाजूला. मधी संयोगिता, मांडीवर ते उंदरानं खाल्लेलं पुस्तक.

"आबा, बरं झालं आला," ती म्हणाली. "हे बघा. काही झाकणं दोन-दोन पातेल्यांवर बसत्यात. मी बसतील तशी बसवत गेले. शेवटी हे दुधाचं पातेलं उघडं राहिलं आन् हे बारकं झाकण उरलं. ते काय दुधावर बसत न्हाय. आता काय करायचं?"

"दुधावर ताट झाक आन् मला जेवायला वाढा," मी म्हणालो.

"न्हाय. सरकवायचं." तिनं आमटीवरचं झाकण काढून दुधावर ठेवलं. बसलं. आमटी उघडी पडली. मग भातावरचं झाकण आमटीवर ठेवलं. ते बी बसलं. आता भात उघडा. आन् ते उरलेलं बारकं झाकण तिनं भातावर ठेवलं, ते टोपणागत बसलं. पोर माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू तिनंच दूध, आमटी आन् भात नवा शोधून काढलाय.

"दूध आन् बारकं झाकण एकमेकांचं न्हवतंच," ती म्हणाली. "पण मधल्यास्नी सरकवलं की दोघांची बी सोय झाली. किती बी पातेली असू देत, वाट असली तर ती सापडतेच. पुस्तकात सिद्ध करून दिलंय."

मी जेवलो. हात धुताना ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. "आबा, तुमचं पैलवान म्हंजे तरी काय? झाकणंच की."

माझं डोकंच सणकलं. खुराक खाऊन, जोर-बैठका मारून माती अंगाला लावणारी माझी पोरं, आन् ही त्यास्नी झाकणं म्हणत्या. लई बोललो मी तिला. ती गप ऐकून घेत होती, पण डोळे बघितले तर तिनं माझं एक अक्षर ऐकलेलं न्हवतं. तिची बोटं हवेत हलत होती. दुसऱ्या दिवसापासनं तिनं माझा पिच्छाच पुरवला. कोण कोण येणार, वजन किती, किती वर्षं मातीत हाय, सगळं विचारायची. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणूस येत न्हाय, ही आमची जुनी रीत. म्हणून ती भाईरच्या कट्ट्यावर बसायची आन् मी उंबऱ्याच्या आत पाटावर. येणारी-जाणारी बघून हसायची. मी म्हणालो, हसा लेकांनो, तुमच्या घरी हाय का असली एखादी?

तिच्या मैत्रिणीच्या भावाचा सायबर कॅफे होता, दुपारी मोकळा असायचा. तिथं बसून तिनं प्रोग्राम केला. आन् एक दिवस दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन धावत आली. पहिलीच जोड वाचली आन् माझी तळपायाची आग मस्तकात गेली. संग्राम हा माझा सगळ्यात तयारीचा पठ्ठ्या. त्याची कुस्ती लावलती आमच्याच तालमीतल्या दुसऱ्या पोरासंगं. दोघं एका ताटात जेवत्यात.

"डोकं ठिकाणावर हाय का तुझ्या कॉम्प्युटरचं?" मी म्हणालो. "एका वस्तादाची पोरं मैदानात एकमेकांवर सोडत न्हाईत."

"हा नियम तुमी सांगितलाच न्हाईसा."

"सांगायचं काय त्यात? सगळ्यास्नी ठाऊक हाय."

"कॉम्प्युटरला न्हाय ठाऊक."

ती टाळी वाजवून परत पळाली. तिला वाटलं एवढाच एक नियम राहिला. मला बी तसंच वाटलं. दुसऱ्या कागदात चुलता आन् पुतण्या एकमेकांसमोर. तिसऱ्या कागदात, आदल्या साली ज्याचा हात मोडला तो, आन् ज्यानं मोडला तो. त्या दोन गावांत तवापासनं सोयरीक बंद हाय, त्यांची कुस्ती लावायची म्हंजे दंगलच की. प्रत्येक वेळी मी ओरडायचो, ती म्हणायची, "हे बी सांगितलं न्हाईसा," आन् हसत हसत परत जायची. माझ्या पोरांना चूक दाखवली की ती तोंड पाडून बसत्यात. ही चूक सापडली की पेढा मिळाल्यागत खूश. मी असला माणूस आधी बघितलेला न्हवता. हळूहळू मलाच चटक लागली. रात्री झोपायच्या आधी आठवायचं, अरे, हे बी सांगायला पायजे. मला मामानं कधी तोंडानं सांगितलं न्हवतं, मी बी कुणाला सांगितलं न्हवतं. आपल्या पोटात एवढं काय काय हाय, हे मला तिच्यामुळं कळलं.

शेवटचा कागद मी दोनदा वाचला. एक बी नाव उरलं न्हवतं आन् एक बी जोड खटकली न्हाय. मी नुसता कागद घडी करून खिशात ठेवला. शालूबाईनं तेवढ्यावरनं ओळखलं आन् सांजचं शिरा केला.

जत्रेच्या दिवशी आम्ही तालमीच्या टेंपोतनं गेलो. हलगी वाजत होती, तांबड्या मातीवर पाणी मारलेलं, माणूस मावत न्हवता. बायका शाळेच्या गच्चीवरनं कुस्ती बघत्यात, तिथं शालूबाई आन् संयोगिता बसली. मी आखाड्यात उभा राहिलो, कागद काढला आन् एकेक जोड पुकारायला लागलो. पैलवान पुढं यायचे, हातात हात देऊन जोड कबूल करायचे, परत जायचे. बाळासो पंचांच्या शेजारी बसलता, नवा कोरा फेटा बांधून. मी त्याच्याकडं बघून मिशीवर हात फिरवला.

आन् तिथंच माशी शिंकली. प्रसेनजीत म्हणून चपळ, हलक्या वजनाचं पोरगं, त्याचा जोडीदार आलाच न्हाय, तापानं फणफणलेला. मी म्हणतोय आता ह्याला कुणासंगं लावू, तेवढ्यात डोंगराकडनं एक धिप्पाड गडी आला, आकाराम त्याचं नाव. आमचा निरोप त्याच्या वाडीपर्यंत पोचलाच न्हवता, जत्रेचं ऐकून तो आपला चालत आलता. दोन पैलवान उरले. एक मांजरागत, एक रेड्यागत. त्या दोघांची कुस्ती लावली असती तर लोकांनी मलाच उचलून आपटला असता.

आकारामनं माझ्याकडं बघितलं, आखाड्याच्या मधोमध गेला आन् मांडी घालून बसला.

आदल्या सालचं सगळं डोळ्यापुढं आलं. पंच एकमेकांकडं बघायला लागले. बाळासोनं फेटा सावरला. मी कागद खाली-वर करत होतो, इंग्रजी अक्षरं नुसती नाचत होती. आन् वर गच्चीवरनं आवाज आला, "आबा, झाकणं!"

सगळं मैदान वर बघायला लागलं. लोकांना वाटलं गच्चीवरनं काय तरी पडलं. मला मात्र आमटीचं पातेलं दिसलं. आकाराम म्हंजे दूध, प्रसेनजीत म्हंजे बारकं झाकण. दोघं एकमेकांचे न्हवतेच. मधल्यास्नी सरकवायचं.

कळलं, पण करता येईना. मी एकाला म्हणालो तू इकडं ये, दुसऱ्याला म्हणालो तू तिकडं जा, आन् बघता बघता आणखी दोघं उघडे पडले. लोक हसायला लागली. तवर पोर गच्ची उतरून गर्दीतनं वाट काढत आखाड्याच्या कडेला आलती. मातीच्या काठावर येऊन थांबली. चपला काढल्या. पण पाय आत टाकंना. रीत तिला ठाऊक होती.

"ये आत," मी म्हणालो.

बाळासो उठला. "वस्ताद, बाईमाणूस मातीत?"

खोटं कशाला बोलू पावणं, क्षणभर मला बी तेच वाटलं. माझ्या मामानं काय म्हटलं असतं? पण मामाचीच दुसरी रीत मला आठवली. "बाळासो," मी म्हणालो, "जोडी लावणारा मातीत उभा राहूनच जोडी लावतो. भाईरनं लावत न्हाय. औंदा जोड्या तिनं लावल्यात. मग ती कुठं उभी राहणार?"

म्हातारे पंच मान हलवायला लागले. बाळासो खाली बसला. संयोगितानं वाकून माती कपाळाला लावली, पैलवान लावत्यात तशी, आन् आत आली. मग मी जे बघितलं ते सांगतो. तिनं कागद बघितलाच न्हाय. सगळी नावं, वजनं, कोण कुणाचा चुलता, कोण कुणाचा गुरुभाऊ, सगळं तिच्या तोंडावर होतं. तिनं आधी प्रसेनजीतचा हात धरला आन् त्याला एका पैलवानासमोर नेऊन उभा केला. "ह्यांच्यासंगं चालंल?" त्यानं हात दिला. मग त्या पैलवानाचा जुना जोडीदार मोकळा झाला, त्याला आणखी एकापुढं नेला. तिथं मी ओरडलो, "अगं, मावसभाऊ हायत ते!" ती थांबली, ओठ चावला, बोटं हवेत हलली, आन् दुसऱ्याच बाजूनं वाट काढली. धोतर नेसलेले, फेटा बांधलेले शे-दोनशे म्हातारे हातातली तंबाखू तशीच ठेवून बघत होते. हलगीवाला सुद्धा थांबलता.

शेवटी तिच्या हातात संग्रामचा हात राहिला. त्याचा आधीचा जोडीदार त्याच्या बेताचा होता, जिंकायची खात्री होती. आता समोर आकाराम, अनोळखी, अंगानं भारी. तिनं विचारलं, "चालंल का?" संग्रामनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवलं, म्हटलं त्याचं त्यानं ठरवावं.

"ताई, तुमी लावली म्हंजे बरोबरच असंल की," संग्राम म्हणाला, आन् त्यानं बसलेल्या आकारामला हात देऊन उठवलं.

उघडं पातेलं एक बी राहिलं न्हाय. हलगी अशी कडाडली की शाळेवरची कबुतरं उडाली. आन् कुस्त्या काय झाल्या म्हणून सांगू. शेवटची संग्राम आन् आकारामची, माणसं उभी राहून बघत होती. ह्यानं पट काढावा, त्यानं सोडवावा, ह्यानं मान धरावी, त्यानं घसरून निघावं. शेवटी आकारामनं माझ्या पठ्ठ्याला चितपट केला. पठ्ठ्या पडला म्हणून वाईट वाटायला पायजे होतं. मी मात्र येड्यागत टाळ्या पिटत होतो, डोळ्यांतनं पाणी येत होतं आन् शेजारी बाळासो माझ्या पाठीवर थापा मारत होता. तो बी वस्तादच. चांगली जोड लागली की त्याला बी राहवत न्हाय.

टेंपोतनं परत येताना संयोगिता हवेत बोटं हलवत बसलती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "आबा, हातानं करायला लई वेळ लागला. एवढा वेळ लागायला नको होता. पुस्तकात पुढं आणखी एक धडा हाय." सगळा टेंपो हसला. संग्राम, अंग ठेचकाळलेला, तो बी हसला.

पुढच्या साली चैत्रातल्या जत्रेच्या आधी आजोळचे पंच इथं आले, तुमी बसलाय तिथंच बसले, दूध प्याले. म्हणाले, "आबा, मान तुमच्याच घरात ठेवायचा ठरलाय." मी मिशीवर हात फिरवला. तर म्हणत्यात कसं, "पोरीला तेवढी पाठवून द्या. तुमास्नी न्हाय जमलं तरी चालंल."

मान गेला तो गेलाच पावणं. बाळासोपासनं वाचवला आन् चष्मेवालीनं नेला. शालूबाई हसून हसून पदरानं डोळं पुसत होती. मी दिवसभर फुगून बसलो. सांजला उठलो आन् तिचा फोटो फ्रेम करून आणला. खिळा मीच ठोकला.

आता ती पुण्याला एम.सी.ए. करत्या, पण जत्रेला सुट्टी काढून येतेच. मी बी जातो संगं. मला आता जागा कुठं, तर शाळेच्या गच्चीवर, बायकांच्यात, शालूबाईच्या शेजारी. बरं दिसतंय तिथनं. खाली ती मातीत उभी असते, एक जोड पुकारते, मी वरनं ओरडतो, "अगं, ती व्याही-व्याही हायत!" सगळं मैदान वर बघतं. ती कमरेवर हात ठेवते आन् सगळ्यांच्या देखत मला म्हणते, "आबा, हे बी सांगितलं न्हाईसा."